सादळलेली कडक भाकरी

ताईचे लग्न होऊन ती रत्नागिरी जिल्ह्यात, पूर्णगडच्या खाडीजवळच्या एका वाडीत नांदायला गेली, त्याला आता तीस वर्षे होत आली. तिच्या पहिल्या पावसाळ्यात आईने मला तिच्याकडे पाठवले, तेव्हा सोबत पंचवीस कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा दिला होता. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते की आमची ज्वारीची कडक भाकरी अगदी पातळ थापलेली आणि पूर्ण वाळवलेली असते, ती महिनाभर सहज टिकते आणि मोडताना तिचा कडाड आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो. ताईकडे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला, तर वरची भाकरी हातात वाकली. रुमालासारखी तिची चौघडी घालता आली असती. चटणीचे गोळे झाले होते, मिठाला पाणी सुटले होते आणि काडेपेटीतल्या पाच काड्या वाया गेल्यावर सहावी पेटली. ताईच्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळी भावंडे काकू म्हणतो, भाकरीकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "सादळली गो! चुलीच्या वैलावर ठेवायची होतीस." वैल म्हणजे चुलीला जोडलेले, तिच्या धगीवरच तापणारे दुसरे तोंड.

सादळणे हा शब्द मला पापडांपुरता माहीत होता. आषाढात अख्खे घर सादळते, अंथरुणे, पुस्तकांची पाने आणि दाराची लाकडी चौकट सादळते, इतकेच नव्हे तर माणसांचे बोलणेसुद्धा जरा मऊ आणि सावकाश होते, हे मला त्या पंधरवड्यात कळले. तेव्हापासून आजवर मी दहा-बारा पावसाळ्यांत तिकडे जाऊन आले आहे आणि गेल्या जुलैमध्येही गेले होते. कोकणातला पाऊस एवढा का ओढतो, असे मला इथे सोलापुरात अनेक जण विचारतात. धबधब्यांची छायाचित्रे दाखवून त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. (चहा आणि कांदाभजी यांचा उल्लेख केल्याशिवाय पावसावर लिहिता येत नाही असा एक समज आहे. तो मी इथेच पूर्ण करून मोकळी होते.)

या ओढीचे मूळ कोकणात जेवढे आहे, तेवढेच सोलापुरात आहे. आमच्याकडचा जुलै ज्यांनी पाहिला नाही, त्यांना ते समजणे कठीण आहे. मृग लागतो, दोन-चार वळीवसरी येऊन जातात, मातीचा वास येतो, पेरण्या होतात आणि मग आर्द्रा-पुनर्वसूत पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो थांबतच नाही. आभाळ दिवसभर भरलेले असते, ढग इतके खाली असतात की गच्चीवरून हात लावावा, पण ते थांबत नाहीत. आमच्या डोक्यावरून पूर्वेकडे पळत जातात आणि जाता जाता फार तर चष्म्याच्या काचा ओल्या होतील एवढी भुरभुर टाकतात. लहानपणी मला वाटे की या ढगांना कुठेतरी तातडीने पोचायचे आहे आणि सोलापूर हे त्यांच्या वाटेवरचे, न थांबण्याचे स्थानक आहे. भूगोलाच्या पुस्तकात पुढे त्याचे नाव वाचले, पर्जन्यछाया. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात, आपले बहुतेक ओझे तिथेच उतरवतात आणि घाट ओलांडून खाली उतरताना तापून कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, यावरून ही छाया किती झपाट्याने दाट होत जाते ते ध्यानात येईल. आमच्यापर्यंत येतात ते रिकामे झालेले ढग, मुक्कामाला उतरून, जेवूनखाऊन परत निघालेल्या पाहुण्यांसारखे.

सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर आहे आणि रत्नागिरीची तीन हजारांच्या वर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शिक्षकांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने भागाकार करून पाहिला होता आणि तो कागद पुष्कळ दिवस खिशात ठेवला होता. त्या दिवशी तिकडे माणसे बुडून मरत होती, त्यामुळे हेवा वाटला असे म्हणणे अमानुष ठरेल, परंतु आमच्या दीड वर्षाहून अधिक काळाचे पाणी कुणाच्या तरी अंगणात एका दिवसात पडू शकते ही गोष्ट त्यांना पचवता येत नव्हती, हे मात्र खरे.

या दोन टोकांना जोडणारा एकच रस्ता आहे आणि तो आमच्या गावातूनच जातो. नागपूरहून येणारा महामार्ग सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरीला समुद्रापाशी संपतो. हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास जुलैत करावा, कारण पाऊस कसा वाढत जातो हे पाहायला याहून चांगली वाट मला माहीत नाही. मंगळवेढ्याचे काळे शिवार तेव्हा उघडे असते. तिथली मालदांडी ज्वारी रब्बीची, तिला अजून दोन महिने अवकाश असतो. सांगोल्याला डाळिंबाच्या बागांमध्ये ठिबकच्या नळ्या चालू असतात आणि रस्त्यावर धूळ उडत असते. मिरज ओलांडल्यावर उसाचा हिरवा रंग सुरू होतो, कोल्हापूरला पहिली खरी सर गाठते आणि मलकापूरच्या पुढे गाडीचे वायपर एकदा सुरू केले की ते बंद करण्याचा विचार पुन्हा मनात येत नाही. आंबा घाटाच्या माथ्यावर तर दहा पावलांवरचे काही दिसत नाही. तिथे गाडी थांबवून काच खाली केली की जो आवाज ऐकू येतो तो पावसाच्या थेंबांचा नसतो. वरून, खालून, दोन्ही बाजूंच्या कातळांवरून एकाच वेळी वाहणाऱ्या पाण्याचा असतो आणि त्यात आपल्या स्वतःच्या बोलण्याचा आवाज हरवतो. सकाळी सांगोल्यात ज्या चपलांवर धूळ बसली होती, त्याच चपला दुपारी घाटाखालच्या साखरप्यात उतरल्यावर चिखलाने जड होतात.

पहिल्या भेटीत मी ताईच्या घरी पोचले ती संध्याकाळची वेळ होती. कौलारू घर, पुढे पडवी, खळ्यातला मांडव पावसाआधीच उतरवलेला, आणि कौलांच्या कडेवरून पागोळ्या अशा लागलेल्या की पडवीतून बाहेर पाहणे म्हणजे मोत्यांच्या पडद्याआडून पाहणे वाटावे. हात-पाय धुऊन मी सहज इकडेतिकडे पाहिले, न्हाणीतली बादली आणली आणि पागोळीखाली ठेवली. ती भरली तेव्हा ती आत ओतून दुसऱ्यांदा ठेवली, मग कळशी आणली. हे सगळे मी काही ठरवून करत नव्हते. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंप, हंडे, पातेली आणि शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवले जातात, त्या घरात वाढलेल्या मुलीचे हात आपसूक तिकडे वळतात. मी तिसऱ्यांदा बादली उचलली तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगो, कुणासाठी भरतेस? कोण चोरून नेणार आहे ते?" त्या म्हणाल्या. ताई मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातली बादली घेतली आणि उपडी करून कोपऱ्यात ठेवली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिनेही हेच केले होते, असे तिने मला नंतर रात्री सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सोलापुरात पाऊस पडू लागला की माणूस जागा होऊन तो किती वेळ टिकतो हे ऐकत राहतो. थांबला की हळहळतो. कोकणात पावसाचा आवाज इतका अखंड असतो की त्यात ऐकण्यासारखे काही राहत नाही आणि पहाटे तो अचानक दोन मिनिटे थांबतो, तेव्हा त्या शांततेने जाग येते. मग दूरवरून समुद्राची गाज ऐकू येते. आम्ही आभाळाकडे पाहतो ते येईल का, पडेल का, पुरेल का, असे काहीतरी विचारायला. तिथे वाडीतले कुणीही जुलैत मान वर करून आभाळाकडे पाहत नाही. सगळ्यांचे डोळे पायाखालच्या पाखाडीवर असतात, कारण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलेले असते आणि घसरले की कंबर मोडते. आभाळाला काहीही न विचारता महिनेच्या महिने जगता येते, ही मोकळीक मला त्या वेळी इतकी अपूर्व वाटली की मी परत आल्यावर मैत्रिणींना धबधब्याऐवजी तेच सांगत बसले होते. त्यांना ते कळले असावे, असे वाटत नाही.

पर्यटकाला जो पाऊस सुट्टीसारखा वाटतो, तो तिथल्यांसाठी वर्षातल्या सर्वांत कष्टाच्या कामाचा काळ असतो. चिखलणी झालेल्या खाचरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओणवे राहून तरव्याची रोपे लावायची, पाठीवर पूर्वी इरले असायचे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो, आणि पायांच्या बोटांमधल्या कातडीला चिखल्या होऊन त्या रात्री झोंबतात. एका जुलैत मी हौसेने ताईबरोबर लावणीला उतरले. अर्ध्या तासात माझी एक ओळ वेडीवाकडी झाली, शेजारच्या बायकांच्या तीन झाल्या, आणि माझी रोपे पुन्हा उपटून नीट लावण्याचे जादा काम त्यांच्यावर आले. त्यांनी ते हसत केले, पण दुसऱ्या दिवशी मला कुणी बोलावले नाही. खाडीच्या तोंडाशी होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. यंत्रावर चालणाऱ्या नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. मे महिन्यातच आगोट भरून ठेवलेली असते, म्हणजे तांदूळ, सुके बोंबील, सुके बांगडे, सरपण, कोकमे, आठळ्या. या आठळ्यांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. फणसाच्या बिया मातीत घोळून वाळवतात आणि पावसात चुलीच्या निखाऱ्यात भाजतात. वरचे साल काळे पडून फुटते, आतली पिठूळ बी किंचित गोड लागते आणि ती सोलताना बोटे भाजतात, तरी थांबवत नाही. वीज दोन दिवस गेलेली, बाहेर काळोख, चुलीभोवती सहा माणसे आणि मधे आठळ्यांची टोपली, असे ते बसणे माझ्या लेखी कोणत्याही हॉटेलातल्या सागरदर्शनापेक्षा मोठे आहे.

समुद्र त्या दिवसांत निळा नसतोच. नद्यांनी आणलेल्या लाल मातीने तो किनाऱ्यापासून आत दूरवर गढूळ झालेला असतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी माडांच्या आगरात शिरते. ज्यांना समुद्र पाहायला जायचे आहे त्यांनी डिसेंबरात जावे. श्रावणात पाहावा तो सडा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर जून-जुलैत बोटभर पाणी साचते आणि श्रावणाची उन्हे पडू लागली की सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांनी तो भरून जातो. सीतेच्या आसवांचे फूल नखाएवढे आणि जांभळे असते. ते झाड मातीतल्या सूक्ष्म जीवांना आपल्या मुळांजवळच्या इवल्या पिशव्यांत पकडून खाते, कारण कातळावरच्या त्या पातळ मातीत पोटाला पुरेल एवढे काही नसते. नाव सीतेचे आणि काम शिकारीचे.

या पावसाचे कौतुक करताना मला एक गोष्ट विसरता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही महिन्यांनी चिपळूणहून जाताना भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या बरेच वर एक आडवी, मळकट रेघ दिसत होती, सगळ्या दुकानांवर अगदी एका पातळीत ओढल्यासारखी. आभाळाला काहीही विचारावे लागत नाही, असे मी वर लिहिले आहे. ती रेघ पाहिल्यापासून ते वाक्य मी जरा दबकत उच्चारते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने आमच्याच माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या गावांना वेढा घातला, उभी पिके आणि जनावरे वाहून नेली, तेव्हा ज्या आभाळाची आम्ही आयुष्यभर आर्जवे केली त्याच आभाळाला लोक आता पुरे म्हणत होते.

काकूंच्या हसण्याचे उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळाले. एका मे महिन्यात मी प्रथमच तिकडे गेले, आंब्यांसाठी. विहिरीत डोकावले, तर तळाचा कातळ दिसत होता. न्हाणीत दोन बादल्या मोजून ठेवलेल्या होत्या, भांडी राखेने घासून एकाच घमेल्यातल्या पाण्यात विसळली जात होती आणि वरच्या वाडीला टँकर येत होता. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात टँकर! भाऊजींनी समजावून सांगितले तेव्हा ते अगदी सोपे होते. जांभा दगड सच्छिद्र, जमिनीला उतार तीव्र, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर इतके कमी की सकाळी घाटात पडलेले पाणी रात्रीपर्यंत खाडीला लागते. आमची काळी माती मात्र सप्टेंबरात पडलेले चार इंच पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, वरून थेंबही न पडता, माघापर्यंत ज्वारी उभी राहते. स्वाती बरसल्या तर माणिक-मोती पिकतात असे आमच्याकडे म्हणतात, ते त्या ओलीच्या भरवशावरच. त्या मे महिन्यात काकूंनी मला तांब्याभर पाणी देताना नजर चुकवली आणि मीही बादलीचा विषय काढला नाही.

पाणी कुठून कुठे जाते, हा छंद मला तेव्हापासून जडला. अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या भीमाशंकरला भीमा उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आमच्याकडे येते. एकाच ढगातले पाणी कड्याच्या पश्चिमेला पडले तर त्याच दिवशी कोकणातून समुद्रात जाते; पूर्वेला पडले तर दौंडवरून उजनी धरणात येते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढे कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जाते. म्हणून जुलैत सोलापुरात पाऊस नसला तरी लोक पावसाविषयीच बोलत असतात, फक्त तो पाऊस मुळशी, पवना, खडकवासल्याकडचा असतो. "दौंडचा विसर्ग किती?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर जितक्या आस्थेने विचारला जातो तितक्या आस्थेने क्रिकेटचा धावफलकही विचारला जात नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलेही पाणी उपसले जात होते, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच धरण भरले, आमच्या इथे म्हणावा तसा पाऊस न होता. उलटही घडते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीला वीज करतात आणि ते वाशिष्ठीतून समुद्रात जाते. दरवर्षी सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट), उजनीच्या उपयुक्त साठ्याहून अधिक. विजेची गरज मला कळते, मी ती वापरतेही. पण पोफळीचे नाव निघाले की सोलापूरच्या माणसाचा चेहरा जरा कडवट होतो, तो माझाही होतो.

गेल्या जुलैत परत निघाले तेव्हा काकूंनी, आता त्यांना ऐंशी पूर्ण झाली आहेत, पडवीच्या कठड्याला धरून उभे राहून पिशवीत आठळ्या आणि हळदीची पाने घातली. भाकरीचा रिकामा डबा परत देताना म्हणाल्या, "या वेळी वैलावर ठेवल्या होत्या हो, एकही सादळली नाही." घाट चढलो, मलकापूरला पाऊस विरळ झाला, मिरजेला थांबला, आणि सांगोल्याच्या अलीकडे कोरड्या काचेवर वायपर किरकिरू लागल्यावर तो बंद केला. घरी पोचलो तेव्हा आभाळ भरलेले होते, वारा सुटला होता, पाऊस नव्हता. मागच्या सीटखाली टाकलेली छत्री अजून ओलीचिंब होती. मी ती अंगणात झटकायला घेतली, तर आई म्हणाली, "थांब, तिथे नको." तिने ती माझ्या हातातून घेतली, तुळशीच्या कुंडीवर उपडी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.